न डोकावणारा शेजारी

मुंबईच्या प्रभादेवीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, भर दुपारी घरात ट्यूबलाइट कशाला? उत्तर ठरलेलं असतं. खिडकी उघडली की समोरच्यांकडे आज काय भाजी आहे ते आपल्याला कळतं आणि आपल्याकडची त्यांना. म्हणून पडदा, पडदा म्हणून अंधार आणि अंधार म्हणून ट्यूब.

आता एक हिशोब पाहा. प्रकाश लक्समध्ये मोजतात. पुस्तक वाचायला तीनशे लक्स पुरेसे होतात. मे महिन्याच्या दुपारी उघड्या गच्चीवर किती असतात? लाखभर! बरं, मे सोडा. आषाढात आभाळ गच्च भरून आलेलं असतं तेव्हाही बाहेर दहा हजार लक्स सहज असतात. म्हणजे अगदी कुंद दिवशीसुद्धा बाहेरच्या उजेडाचा फक्त तीन टक्के वाटा आत आणता आला, तर ट्यूबला हात लावायला नको. एवढा थोडका वाटा, तोही फुकटचा, आणि तो आपल्याला घरात आणता येत नाही!

अडतं कुठे? उजेड आणि एकांत यांचं वैर खिडकी लावून देते. प्रकाशाची एक विलक्षण खोड आहे : तो ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परतू शकतो. समोरच्या गॅलरीतून माझ्या टेबलापर्यंत किरण येऊ शकतो, याचाच अर्थ माझ्या टेबलावरून त्या गॅलरीपर्यंत किरण जाऊ शकतो. मला तिथून उजेड मिळतो म्हणूनच तिथल्या माणसाला मी दिसतो. यातून सुटका नाही, निदान सरळ रेषेत तरी नाही.

मग जाळीचा पातळ पडदा दिवसा कसा चालतो? तिथे किरण अडत नाहीत, फसतो तो डोळा. बाहेरच्या उन्हाने जाळीचे धागे लख्ख उजळतात आणि त्या उजळलेल्या धाग्यांपुढे आतली मंद खोली बाहेरच्याला दिसेनाशी होते. संध्याकाळी आत दिवा लागला की बाजी उलटते. धागे काळवंडतात, खोली उजळते आणि अख्ख्या गल्लीला आपलं घर नाटकाच्या सेटसारखं खुलं होतं. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही! गोव्यातल्या जुन्या घरांनी यावर याहून पक्का उपाय काढला होता. खिडकीच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांच्या चकत्या बसवायच्या. शिंपल्यात शिरलेला किरण सरळ बाहेर पडत नाही, सगळीकडे विखुरतो. उजेड येतो, पण चित्र येत नाही. दिवसाही नाही आणि रात्रीही नाही.

तरीही शिंपल्यातून आभाळ दिसत नाही, ही उणीव राहतेच. मग प्रश्न असा की ज्या बाजूला शेजारीच नाही अशी एखादी दिशा घराला आहे का?

आहे. वरची.

आणि गंमत म्हणजे उजेडाच्या बाबतीत हीच दिशा सगळ्यात श्रीमंत आहे. ढगाळ आभाळ आपल्याला सगळीकडे सारखंच राखाडी वाटतं. पण १९४२ मध्ये मून आणि स्पेन्सर या दोघांनी त्याचं सूत्र मांडलं, ते असं सांगतं की पूर्ण झाकोळलेलं आभाळ डोक्यावर जेवढं तेजस्वी असतं, त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा क्षितिजाजवळ असतं. तिप्पट फरक आणि डोळ्याला त्याचा पत्ता नाही! भिंतीतल्या खिडकीला मुळात अर्धंच आभाळ दिसतं आणि त्यातही तिचा रोख असतो मंद बाजूकडे. छतातलं भोक मात्र नेमकं तेजाच्या गाभ्याकडे पाहतं. समोर एकही इमारत नसली तरी खिडकीएवढंच भोक छताला पाडलं तर ते तिच्या अडीचपट उजेड देतं. समोर बारा मजली इमारत असेल तर किती पट, ते प्रभादेवीकरांनी आपापलं ठरवावं.

कोकणातल्या कौलारू घरांना हे सूत्र न मांडताच ठाऊक होतं. माजघर घराच्या पोटात, त्याला बाहेरची भिंतच नाही. मग छपरात मधेच एक काचेचं कौल बसवायचं. वीतभर रुंदीचं ते कौल, पण त्याच्या उजेडात तांदूळ निवडता येतो. आणि कुठे कौल सरकून फट राहिली असेल तर जमिनीवर कवडसा पडतो. हा कवडसा कधी नीट पाहिलाय? फट तिकोनी असो, वाकडीतिकडी असो, कवडसा गोलच पडतो. फार तर ऊन तिरकं असताना लांबट गोल. का? कारण तो भोकाचा आकार नसतोच. ते सूर्याचं चित्र असतं! सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट अंतरावर आहे. म्हणून दहा फुटांवरून पडलेला कवडसा इंचाहून किंचित मोठा असतो आणि वीस फुटांवरून त्याच्या दुप्पट. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी मुंबईत खंडग्रास ग्रहण दिसत होतं, त्या वेळी झाडांखालचे सगळे कवडसे चंद्रकोरी झाले होते.

एक कौल एका खोलीला पुरतं. पण घराला अनेक खोल्या असतील आणि त्यांना उजेडासोबत वाराही हवा असेल, तर कौलाचा चौक होतो.

मराठी वाडा रस्त्यावरून पाहा. उंच भिंत, तळमजल्याला जवळपास खिडकीच नाही, मोठा दरवाजा आणि त्यात वाकून जायची दिंडी. बाहेरच्याला पाठ फिरवून बसलेलं घर. आत शिरा, देवडी ओलांडा आणि एकदम आभाळ! मधे चौक आणि चारी बाजूंनी सोपे, म्हणून चौसोपी वाडा. कुणाचा वाडा किती चौकी, यावरून त्याची ऐपत कळायची. पुण्याच्या विश्रामबागवाड्याला तीन चौक आहेत आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्याला सहा. गोव्याच्या हिंदू घरांत हाच चौक राजांगण होऊन बसतो, मधे तुळशीवृंदावन घेऊन. वाळवणं, पाटावरवंटा, पोरांचे खेळ, हळदीकुंकू, सगळं उघड्या आकाशाखाली आणि तरीही एका परक्या माणसाच्या नजरेला पडत नाही. छप्पर नसलेली ही खोली घरातली सगळ्यात खासगी खोली असते, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

मग प्रत्येक इमारतीत मधे मोकळी जागा सोडली की झालं? तिथेच भूमिती आडवी येते. समजा, चौक म्हणजे एक गोल विहीर आहे आणि आपण तिच्या तळाशी मधोमध उभे आहोत. विहीर जेवढी रुंद तेवढीच खोल असेल तर उघड्यावरच्या उजेडाचा पाचवा हिस्सा, म्हणजे वीस टक्के, आपल्यापर्यंत पोचतो. खोली रुंदीच्या दुप्पट केली की सहा टक्के. चौपट केली की दीड टक्का. खोली दुप्पट झाली म्हणून उजेड निम्मा होत नाही, तो पार कोसळतो! आता आपल्या सात मजली इमारतीतला तो डक्ट आठवा, ज्यात सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. एकवीस मीटर खोल आणि दोन मीटर रुंद. तळाला येतो जेमतेम पाव टक्का. पावसाळी दिवशी पंचवीस लक्स! नकाशावर मोकळी जागा दिसते, तळमजल्याला दिवस कधी उगवतच नाही.

मुंबईला हा धडा फार महागात मिळाला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग फुटला आणि बघता बघता शहर रिकामं होऊ लागलं. चाळींमधल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर सगळ्यांचं बोट होतं. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. आपल्याकडच्या बीआयटी चाळी त्याच्याच. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे उजेडाच्या ध्यासाने पछाडलेले गृहस्थ होते. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा एवढ्याच विषयावर व्याख्यान दिलं. ट्रस्टने धरलेला नियम ऐकायला विचित्र वाटतो : साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर वर साडेत्रेसष्ट अंशांच्या चढाने रेघ ओढायची. ती समोरच्या इमारतीला न अडखळता आभाळाला भिडली, तर खोली माणसांनी राहण्याजोगी.

साडेत्रेसष्टच का? साठ का नाही, पंचेचाळीस का नाही? त्रिकोणमिती थोडी आठवत असेल तर बघा : या कोनाचा टँजंट जवळजवळ बरोब्बर दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी हवी. पंचेचाळीस अंश धरले असते तर उंचीइतकीच जागा सोडावी लागली असती, आणि मुंबईत जागा सोडायला सांगणाऱ्याचं काय होतं ते ऑरसाहेबांना तेव्हाही कळत असणार.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. ऑर उजेडाचा कोन शोधत होते. पण तोच कोन एकांताचाही आहे!

प्रभादेवीत एक छोटं घर कल्पनेत बांधू या. तळमजला आणि वर एक मजला. मधे दहा फूट रुंद चौक, भोवतीच्या भिंती वीस फूट. म्हणजे खोली रुंदीच्या दुप्पट. आता शंका येईल : वाड्याच्या काळी भोवती टॉवर नव्हते. इथे साठाव्या मजल्यावरून कुणी खाली पाहिलं की चौकातला माझा चहा दिसणारच! दिसेल का? पूर्वेकडच्या टॉवरमधल्या माणसाची नजर आपल्या पूर्वेच्या भिंतीच्या माथ्यावरून आत उतरते आणि समोरच्या पश्चिमेच्या भिंतीवर पडते. ती जमिनीपर्यंत पोचायची तर दहा फूट पुढे जाताना वीस फूट खाली उतरायला हवं. म्हणजे टँजंट दोन. म्हणजे पुन्हा साडेत्रेसष्ट अंश! त्याहून कमी चढावरून पाहणाऱ्याला भिंत दिसेल, जमीन कधीच दिसणार नाही. हा कोन गाठायला शंभर मीटर अंतरावर दोनशे मीटर उंचीचा मनोरा लागतो आणि त्यातही गच्चीपर्यंत जावं लागतं. बाकी सगळा टॉवर आंधळा.

उजेडाचं काय? विहिरीचा हिशोब आठवा : दुप्पट खोलीला सहा टक्के. कुंद दिवशी सहाशे लक्स. वाचनाला लागतात त्याच्या दुप्पट, आणि अजून भिंतींवरून उसळणारा उजेड धरलेलाच नाही. ज्या मापाने नजर बाहेर राहते त्याच मापात पुरेसा उजेड आत येतो. रस्त्याकडच्या खिडकीत एकमेकांचा गळा धरणारे उजेड आणि एकांत इथे एकाच रेघेवर येऊन बसतात.

आणि या घराला भिंतीवर दिनदर्शिका लावायची गरज नाही. प्रभादेवी १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. आपल्या चौकात तेव्हा ऊन उत्तरेच्या भिंतीवर निम्म्यापर्यंत उतरून थांबतं. मग रोज थोडं थोडं खाली सरकतं. जमिनीला टेकतं कधी? सूर्य साडेत्रेसष्ट अंशांवर आला की, आणि तो दिवस येतो मार्चच्या आरंभी, होळीच्या हवेत. ऑक्टोबरच्या मध्याला, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ते पुन्हा जमीन सोडून भिंतीवर चढू लागतं. मधे १५ मेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या थोडं पुढे चौकात बादली उपडी ठेवा, तिची सावली तिच्याखालीच दडते. (बाराला का नाही? आपली घड्याळं पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेली आहेत. मुंबईचा सूर्य त्यांच्या सरासरी ३९ मिनिटं मागे चालतो.) जुलैच्या अखेरीस तो पुन्हा डोक्यावरून जातो, पण तेव्हा ढगांआड कुणाला दिसतोय!

मधले ते दहा आठवडे मुंबईचा सूर्य मध्यान्ही चक्क उत्तरेकडे असतो. गंमत बघा, उत्तरेच्या उजेडाची कला याच मातीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. प्रभादेवी, परळ, लालबागच्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांची छपरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि पत्र्याची किंवा कौलांची, दुसरी उभी आणि काचेची. काचेचा रोख उत्तरेला. साळखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, शेकडो साचे धडधडत असताना तुटलेला एक धागा कामगाराला दिसायला हवा. त्यावर थेट ऊन पडलं तर डोळे दिपतात आणि सावल्या फसवतात. उत्तरेचं आभाळ मात्र दिवसभर एकसारखा, थंड, सावलीविना उजेड देतं. मग त्या दहा आठवड्यांचं काय? मध्यान्हीचा सूर्य तेव्हा डोक्यापासून साडेचार अंशांहून जास्त कलत नाही, त्यामुळे उभ्या काचेला तो नुसता चाटून जातो. सकाळ-संध्याकाळची तिरीप तेवढी आत येते, आणि जूनचा दुसरा आठवडा उजाडतो न उजाडतो तोच पाऊस आभाळावर आपणहून पडदा ओढतो. आता ज्युपिटर मिलच्या जागी नखशिखांत काचेचे मनोरे आहेत. त्यांच्या आत जाऊन पाहा : काचेवर पडदे ओढलेले आणि छताला दिवे. गिरणीमालक दयाळू होते असं कुणी म्हणणार नाही, पण उजेडाची अक्कल त्यांच्या आर्किटेक्टना जास्त होती, हे माझं स्पष्ट मत.

आता भिंतींकडे वळतो. चौकाच्या तोंडातून आत आलेला किरण भिंतीवर आपटतो, उसळतो, पुन्हा आपटतो. प्रत्येक भिंत दलालासारखी आपला वाटा कापून घेते. चुन्याची पांढरी भिंत शंभरातले वीस ठेवते आणि ऐंशी पुढे पाठवते. तीन उड्यांनंतर एक्कावन्न शिल्लक राहतात. सिमेंटची करडी भिंत सत्तर गिळते. तीन उड्यांनंतर उरतात जेमतेम तीन! चुना आणि उघडं सिमेंट यांत इतका फरक असेल असं कुणाला वाटलं असतं? आतवरच्या खोल्यांत पोचणारा उजेड बहुतेक असाच उसळत आलेला असतो. त्याला दिशा नसते, म्हणून त्याच्यात कडक सावली नसते. वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसाचा चेहरा छायाचित्रात इतका मऊ का येतो, त्याचं कारण चौकाच्या फरशीवर पडून खालून वर आलेला उजेड.

हे सगळं जमवून बांधलेलं काही जवळपास पाहायचं असेल तर सिद्धिविनायकापासून एस. के. बोले रोडने पोर्तुगीज चर्चपर्यंत चालत जा. तिथलं पहिलं चर्च १५९६ चं. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७७ मध्ये पुरी केली. त्यांनी तिथे एक अखंड दालन बांधलंच नाही. छत असलेल्या जागा आणि आकाशाला उघडे चौक यांची गुंफण केली. छतं म्हणजे काँक्रीटची उंच निमुळती शंकूसारखी कवचं, माथ्याशी उघडणारी. वरून उजेड उतरतो आणि त्याच वाटेने तापलेली हवा निघून जाते, तिच्या जागी बाजूच्या चौकांतून वारा आत ओढला जातो. पंधरा पावलांवर दादरच्या बसगाड्या, आणि आत ही शांतता! घराच्या मापाचं उदाहरण हवं तर ना. म. जोशी मार्गावर सात रस्त्याजवळ बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने एका जुन्या गोदामाच्या जागेत राहण्या-कामाच्या खोल्या रचल्या आहेत, आतल्या चौकांकडे तोंड करून. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत झाडं असतील अशी शंकाही येत नाही.

चौकाचा एक त्रास खरा आहे, तो लपवत नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चौक तो सगळा आत घेतो. वाड्यांनी म्हणून चौकाची फरशी ओसरीपेक्षा पायरी-दोन पायऱ्या खाली ठेवली, पागोळ्यांना पन्हळ लावली आणि पाण्याला मोरी दिली. आज आपण वरून काच टाकतो. टाका, पण बाजूंनी वाऱ्याला फट ठेवा. बंद काचेखाली मे महिन्यात चौकाची भट्टी होते.

आणि ज्यांना चौक बांधायला ना जागा ना पैसा, म्हणजे तुम्ही-आम्ही बहुतेक सगळे, त्यांच्याकडे तो पाव टक्क्याचा डक्ट आहेच. शेवाळलेला, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला, जुन्या कूलरच्या पत्र्यांनी अडलेला. त्याच्या भिंती पांढऱ्या केल्या आणि वरची अडगळ काढली, तर तळमजल्याच्या मावशींच्या स्वयंपाकघरातला उजेड कित्येक पटींनी वाढतो. खर्च, एका रंगाऱ्याची मजुरी आणि काही पिंपं चुना. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचं भांडण सुरू होण्याआधी हा ठराव मांडाच.